रहिवाशांची साक्ष

पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाविषयी माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनने १८१९ साली जो अहवाल लिहिला, त्यात गावच्या पहाऱ्याची एक रीत वर्णिलेली आहे. चोरी झाली म्हणजे गावच्या रखवालदाराने, मग तो कोठे रामोशी असे, कोठे भिल्ल, कोठे महार वा मांग, चोराचा माग काढावयाचा. तो माग ज्या गावच्या शिवेत शिरला त्या गावच्या रखवालदाराने तो पुढे न्यावयाचा, आणि जेथे माग हरवला तेथील गावाने एक तर चोर हजर करावयाचा, नाही तर गेलेल्या मालाची भरपाई करावयाची. या रीतीत जुलूम पुष्कळ होता, कारण भरपाईचा बोजा बहुधा दुबळ्याच्या अंगावर पडे आणि रखवालदार स्वतःच चोरांना सामील असे हेही ठाऊक असे. तथापि एक गोष्ट तीत निःसंशय होती: रात्री कोणाचे घर फुटले तर सकाळी त्याविषयी जाब कोणाला विचारावयाचा, हे गावातल्या लहान पोरालाही माहीत असे.

शहरातला मामला निराळा. पुण्यात कोतवाल होता, त्याच्या चावड्या होत्या, रात्रीची तोफ झाल्यावर रस्त्यावर फिरण्यास मज्जाव होता, आणि त्या बंदोबस्ताची तारीफ परकी प्रवाशांनीही केलेली आहे. पण ज्या बंदोबस्ताची तारीफ होते त्याखाली राहणाऱ्यांचे मत काय होते, हे १७९१ च्या ऑगस्टात कळले. कोतवाल घाशीरामाच्या कोंडवाड्यात तेलंगी ब्राह्मण गुदमरून मेले आणि त्यानंतर खवळलेल्या पुणेकरांनी त्याला दगडांनी ठेचून मारले. चौदा वर्षे कोतवाली केलेल्या माणसाविषयी नगराने दिलेला हा अभिप्राय होता. तो आधी सौम्य शब्दांत देण्याची सोय नव्हती, म्हणून तो दगडांच्या रूपाने आला असे मला वाटते. आणि प्रस्तुत लेखात ज्या प्रश्नाचा आढावा घ्यावयाचा आहे, त्याचे बीज येथेच आहे. आपल्या वस्तीत गुन्हे किती, भीती कोणाची, पोलीस कसे, या गोष्टींविषयी रहिवाशांना जे वाटते, ते कोणाच्या कानी जाते, कोठे नोंदले जाते आणि नोंदले न गेल्यास त्याचे काय होते?

इंग्रजी अंमलात जाबदारीचे ठिकाण बदलले. १८६७ च्या मुंबई ग्रामपोलीस कायद्याने पाटील सरकारचा पोलीस अंमलदार ठरला. वतने गेल्यावर १९६७ च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमाने पोलीस पाटील नेमणुकीचा झाला, आणि त्याची नेमणूक गावाच्या नव्हे तर प्रांतसाहेबांच्या हाती गेली. पोलीस पाटलाने ठाण्याला वर्दी द्यावयाची, गावात आलेल्या अनोळखी माणसाची खबर ठेवावयाची, मयताचा पंचनामा होईपर्यंत जागा राखावयाची. गावाला मात्र तो अद्यापि आपलाच वाटतो, आणि याच दुहेरीपणामुळे त्याची ओढाताण होते: भाऊबंदकीतली मारामारी ठाण्यापर्यंत नेली तर गाव रागावते, न नेली तर फौजदार.

आता ठाण्याच्या दप्तराकडे येऊ. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग दर वर्षी देशातील गुन्ह्यांचे आकडे प्रसिद्ध करतो. ही मालिका १९५३ पासून चालू आहे, आणि वर्तमानपत्रे तिच्यावरून अमुक शहर सुरक्षित व तमुक असुरक्षित असे मथळे देतात. हे आकडे दाखल झालेल्या गुन्ह्यांचे असतात. घडलेल्या गुन्ह्यांचे नसतात. शिवाय एकाच फिर्यादीत अनेक गुन्हे असले तर त्यांतील सर्वांत गंभीर तेवढा मोजावयाचा, असा मोजणीचा दंडक आहे. त्यामुळे जे ठाणे इमानेइतबारे प्रत्येक फिर्याद लिहून घेते ते कागदावर गुन्हेगारीचे आगर दिसते, आणि जे ठाणे फिर्यादीला चहा पाजून परत पाठवते ते रामराज्य.

परत पाठवण्याची रीत ज्याने एकदा तरी ठाण्याची पायरी चढली आहे त्याला सांगावयास नको. गाडीच्या गर्दीत खिशातला मोबाइल गेला म्हणून माणूस ठाणे अंमलदारापुढे उभा राहतो. "चोरताना पाहिलं का तुम्ही?" अंमलदार विचारतो. पाहिलेले नसतेच, पाहिले असते तर चोर निसटला नसता. "मग गहाळ लिहा. सिमकार्डासाठी दाखला लगेच मिळेल." माणसाला कामावर जावयाचे असते, नवे सिमकार्ड आजच हवे असते, फिर्याद दिली तर तारखांना यावे लागेल ही भीती असते, तो गहाळ म्हणून अर्ज लिहितो, शिक्का मारलेला दाखला घेतो, आणि एक चोरी दप्तरातून नाहीशी होते. दुसरी रीत हद्दीची. पुलाच्या अलीकडे घडले तर हे ठाणे, पलीकडे घडले तर ते, आणि पुलावर घडले तर दोन्ही ठाणी एकमेकांकडे बोट दाखवतात. तिसरी रीत अदखलपात्राची: डोके फुटून टाके पडले तरी दुखापत साधी ठरवून एन. सी. लिहिली की तपासाची जबाबदारी संपते. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली ललिता कुमारी खटल्यात दखलपात्र गुन्ह्याची माहिती मिळताच फिर्याद नोंदवणे बंधनकारक असल्याचे निःसंदिग्धपणे सांगितले. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेने हद्दीचा प्रश्न न काढता कोणत्याही ठाण्यात फिर्याद देण्याची तरतूद केली. कायदा अशा रीतीने रहिवाशाच्या बाजूला उभा आहे. परंतु रात्री अकरा वाजता त्याच्याशी बोलणारा ठाणे अंमलदारच असतो.

या दप्तराला पर्याय म्हणून घरोघर जाऊन विचारण्याची पद्धत आपल्याकडे उशिरा आली. कॉमनवेल्थ ह्यूमन राइट्स इनिशिएटिव्ह या संस्थेने २०१५ साली दिल्ली व मुंबई येथे अशी पाहणी केली. आयडीएफसी इन्स्टिट्यूटने २०१७ च्या सुमारास मुंबई, दिल्ली, बंगळूर व चेन्नई या चार शहरांत अधिक मोठी पाहणी केली. मुंबईत प्रजा फाउंडेशन वर्षानुवर्षे कुटुंबांना विचारून आपले अहवाल काढते. या सर्वांचा मथितार्थ एकच निघतो. ज्यांच्या घरी गुन्हा घडला त्यांतील फार मोठा भाग पोलिसांकडे गेलाच नाही, आणि जे गेले त्यांतील कित्येकांची फिर्याद झाली नाही. न जाण्याचे कारण म्हणून लोक पोलिसांची भीती सांगतात त्याहून अधिक वेळा खेटे, वेळेचा अपव्यय, पुरावा हाती नसणे आणि 'काही होणार नाही' हा सार्वत्रिक निष्कर्ष सांगतात.

येथवर रहिवासी फिर्यादी आहे आणि आपली सहानुभूती स्वभावतःच त्याच्याकडे वळते. पण रहिवासी म्हणजे केवळ ज्याची चोरी झाली तो नव्हे. ज्याची चोरी झालेली नाही आणि तरी जो भितो, तोही रहिवासीच, आणि संख्येने तो कितीतरी मोठा आहे. त्याचे मत ऐकावयाचे असेल तर एखाद्या उपनगरातील गृहनिर्माण संस्थेच्या वार्षिक सभेला जाऊन बसावे. हिशेबपत्रके तीन मिनिटांत मंजूर होतात आणि सुरक्षेचा विषय निघाला की दोन तास पुरत नाहीत. वॉचमन झोपतो, फाटकाशी कोणीही येते, बी विंगमध्ये चार मुले भाड्याने ठेवली आहेत ती रात्री उशिरा येतात, मागच्या झोपडपट्टीतून पोरे भिंतीवरून चढतात, मोलकरणींचे फोटो घेऊन ठेवावेत, डिलिव्हरीवाल्यांना लिफ्ट बंद करावी. कोणी मध्येच विचारतो की गेल्या वर्षभरात आपल्या इमारतीत नक्की काय चोरीला गेले, तेव्हा पार्किंगमधील एक सायकल व कोणाच्या तरी चपला एवढाच हिशेब लागतो, आणि तेवढ्यात दुसरे कोणी म्हणते, "होईपर्यंत थांबायचं का, काका?" हा प्रश्न निरुत्तर करणारा आहे खरा, पण त्या दोन तासांच्या चर्चेत गुन्ह्याविषयी एक वाक्य असते आणि माणसांविषयी पन्नास, हे तिथे बसलेल्या कोणाच्या ध्यानात येत नाही.

माणसांविषयीची ही वाक्ये महाराष्ट्रात फार जुनी आहेत आणि त्यांना एके काळी कायद्याचे बळ होते. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा १९११ च्या दुरुस्तीनंतर मुंबई इलाख्यात लागू झाला. सोलापूरला तारेच्या कुंपणाआड सेटलमेंट उभी राहिली, आणि पारधी, कैकाडी, मांग-गारुडी यांच्यातील माणसांना हजेरी दिल्यावाचून रात्र काढता येईनाशी झाली. १९५२ साली कायदा रद्द झाला, जमाती 'विमुक्त' झाल्या, परंतु शेजारच्या गावाच्या मनातले रजिस्टर कोणी फाडले नाही. लक्ष्मण गायकवाडांचे 'उचल्या' १९८७ साली प्रसिद्ध झाले तेव्हा मराठी वाचकाने ते हळहळत वाचले, आणि आजही एखाद्या गावात घरफोडी झाली की पहिली झडती माळावरच्या पारध्याच्या पालाचीच होते. तशी मागणी करणारे गावकरी असतात, आणि गावकऱ्यांची मागणी म्हणून पोलीसही ती करतात.

१ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे आठवडी बाजाराच्या दिवशी, मुले पळवणारी टोळी आली या मोबाइलवरून पसरलेल्या वावडीने, मंगळवेढ्याकडून भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जमावाने ठार मारले. १६ एप्रिल २०२० रोजी टाळेबंदीच्या काळात पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे चोरांच्या अफवेने जागत असलेल्या जमावाने दोन साधू व त्यांचा चालक यांचा जीव घेतला, आणि तोही पोलिसांच्या समक्ष. या दोन्ही घटनांतील माणसे आपापल्या परीने वस्तीचे रक्षणच करीत होती. उन्हाळ्यात दरोड्यांची हूल उठली की गावोगाव घरटी एक माणूस याप्रमाणे पाळ्या लागतात, शिट्ट्या व बॅटऱ्या गोळा होतात, ठाण्याकडून ग्रामसुरक्षा दलाची ओळखपत्रे मिळतात. हे सर्व चांगलेच आहे, आणि अशा गस्तीने खरे चोर पळाल्याचेही खेड्यांतून ऐकावयास मिळते. परंतु हाती काठी असलेल्या माणसाला रात्री दोन वाजता अनोळखी भाषेत बोलणारा वाटसरू दिसला तर पुढे काय करावयाचे, हे त्याला आधी कोणी तरी शिकवावे लागते. आणि शिकवणारा त्या परिसराशी ओळख असलेला पोलीस असेल तरच ते शिकवणे पटते.

म्हणून माझे मत असे आहे की रहिवाशांचे म्हणणे साक्ष म्हणून घ्यावे, निवाडा म्हणून घेऊ नये. आपल्याकडे याच्या बरोबर उलट चालते. त्यांच्या अंगावर काय गुदरले हे ते सांगतात तेव्हा त्यांना गहाळचा दाखला मिळतो, आणि त्यांना कोण नकोसे आहे हे सांगू लागले की ताबडतोब बंदोबस्त लागतो.

साक्ष घेतली न गेल्यास काय होते याचे नागपुरातील कस्तुरबानगरचे उदाहरण भयंकर आहे. अक्कू यादव या गुंडाने त्या वस्तीला वर्षानुवर्षे छळले. खंडणी, मारहाण, स्त्रियांवर अत्याचार. तक्रारी झाल्या, अटका झाल्या, तो सुटून येत राहिला, आणि तक्रार करणाराचेच नाव त्याला कळते असा वस्तीचा अनुभव झाला. १३ ऑगस्ट २००४ रोजी त्याला न्यायालयात आणले असता वस्तीतल्या स्त्रियांच्या जमावाने तेथेच त्याचा अंत केला. पुढे सुमारे दहा वर्षांनी पुराव्याअभावी आरोपी सुटले. या कृत्याचे गोडवे गाण्याची चाल पडली आहे. ती मला मान्य नाही, कारण न्यायालयाच्या इमारतीत जमावाने माणूस मारणे हा न्यायाचा पराभवच होय, आणि त्या पराभवाची किंमत त्या बायकांनी दहा वर्षे तारखांना हजर राहून भरली.

विशेष हे की साक्षीदाराची भीती कायद्याला ठाऊक आहे. महाराष्ट्र पोलीस अधिनियम १९५१ च्या कलम ५६ अन्वये एखाद्यास दोन वर्षांपर्यंत तडीपार करता येते, आणि त्यासाठी एक अट अशी की जीविताच्या वा मालमत्तेच्या भयाने साक्षीदार उघडपणे पुढे येण्यास तयार नाहीत असे अधिकाऱ्याचे मत झाले पाहिजे. मग साक्षीदार 'अ' आणि साक्षीदार 'ब' यांच्या गोपनीय जबान्या घेतल्या जातात. कल्पना उत्तम, व्यवहारात मात्र या दोन निनावी गृहस्थांना बहुतेक प्रकरणांत संध्याकाळच्याच वेळी, चौकातच, चाकूचाच धाक दाखवून हजार-पाचशे रुपये हिसकावलेले असतात, आणि असे ठोकळेबाज आदेश उच्च न्यायालय पुन्हा पुन्हा रद्द करते. शिवाय तडीपार झालेला इसम हवेत विरत नाही. तो शेजारच्या जिल्ह्यात कोणाच्या तरी आळीत राहावयास जातो, आणि तेथल्या रहिवाशांना कोणी विचारलेले नसते.

स्त्रियांच्या सुरक्षेविषयी स्वतंत्र लेखच हवा. येथे एवढेच नोंदवतो की शिल्पा फडके, समीरा खान व शिल्पा रानडे यांनी २०११ साली 'व्हाय लॉयटर?' या पुस्तकात मुंबईच्या अनुभवावरून जे दाखवले त्याला अद्याप उत्तर मिळालेले नाही. सुरक्षिततेच्या नावाने स्त्रीला जे मिळते ते बहुधा घरी लवकर परतण्याचे वेळापत्रक असते, आणि बाहेर असण्यासाठी तिला सतत काहीतरी कारण दाखवावे लागते. रस्त्यावर उजेड, रात्री चालू असलेले स्वच्छतागृह, उशिरापर्यंत उघडी राहणारी दुकाने व फेरीवाले यांचे महत्त्व बायका जाणतात. त्याच फेरीवाल्यांना हटवा म्हणून अर्ज करणारेही रहिवासीच असतात. कॅमेऱ्यांविषयी तर फारसे लिहिण्यासारखे नाही. २००८ च्या हल्ल्यानंतर त्यांची मागणी वाढली, २०१६ पर्यंत मुंबईत जवळजवळ ५,००० बसले, तपासाला त्यांचा उपयोग होतो हे खरे. पण कॅमेऱ्यापुढे फिर्याद देता येत नाही.

खेड्यांसाठी शासनाने १५ ऑगस्ट २००७ पासून महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम चालू केली. गृहमंत्री आर. आर. पाटील यांची ही कल्पना. गावाने समिती करावी, जुने तंटे सामोपचाराने मिटवावेत, नवे होऊ देऊ नयेत, आणि गुणांकनात उतरलेल्या गावास बक्षीस मिळावे. बांधावरचे, वाटेवरचे कित्येक दावे तिने खरोखर मिटवले. परंतु तंटा नाही म्हणून बक्षीस ठेवले की तंटा दिसू न देण्याची सोय आपोआप होते. आणि गावात तक्रार दडपावयाची ठरली तर ती पाटलाची दडपली जात नाही, ती सुनेची किंवा गावकुसाबाहेरच्या माणसाची दडपली जाते.

पोलिसांची बाजूही ऐकली पाहिजे. कॉमन कॉज व लोकनीती यांच्या २०१९ च्या अहवालाने देशातील पोलीस दिवसाला सरासरी १४ तास राबतो असे दाखवले. सणवार, मिरवणुका, मोर्चे, मंत्र्यांचे दौरे यांच्या बंदोबस्तात जो उभा असतो त्यालाच बीटवरची माणसे ओळखून ठेवा असे सांगणे म्हणजे थट्टा आहे. मुंबईत २०१६ साली देवनार ठाण्यात आठ तासांच्या पाळीचा प्रयोग झाला आणि मग तो इतरत्र नेला गेला, हे त्या मानाने मोठेच पाऊल होते. रहिवाशांनी कॅमेऱ्यांऐवजी असल्या मागण्या केल्याचे मात्र आढळात नाही.

साक्ष घेण्याची रीत महाराष्ट्रात एकदा नीट बसवली गेली होती, ती भिवंडीत. हातमागांचे आणि यंत्रमागांचे हे गाव. कोकणी मुसलमान, उत्तरेकडचे अन्सारी विणकर, तेलुगू पद्मशाली, आगरी आणि इतर मराठी माणसे यांची दाट वस्ती. १९७० च्या मे महिन्यात शिवजयंतीच्या मिरवणुकीपासून येथे दंगल पेटली, न्यायमूर्ती मादन यांच्या आयोगाने तिची चौकशी केली, आणि १९८४ साली पुन्हा तेच झाले. त्यानंतर १९८८ च्या सुमारास पोलीस उपायुक्त म्हणून आलेल्या सुरेश खोपडे यांनी एक साधी गोष्ट हेरली. जुन्या शांतता समित्यांत पुढारी बसत, आणि पुढारी दंगलीच्या दिवशी घरी सापडत नाहीत. म्हणून त्यांनी मोहल्ल्या-मोहल्ल्यांतून साधे हिंदू-मुसलमान रहिवासी, दुकानदार, कामगार, बायका यांच्या समित्या केल्या आणि प्रत्येक समितीशी एक पोलीस कायमचा जोडून दिला. सभांत धर्मावर चर्चा होत नसे. नळाचे भांडण, पोरांची छेडछाड, रस्त्यात लावलेली हातगाडी, कोणाच्या गच्चीवरचा भोंगा, असले विषय निघत, आणि ते तेथल्या तेथे मिटत. या किरकोळपणातच सर्व मर्म होते. शिपायाचे नाव लोकांना माहीत झाले, अफवा उठली की खातरजमा कोणाकडे करावयाची हे माहीत झाले, आणि शिपायालाही कोणते पोर उनाड व कोणते गुंड यातला फरक ठाऊक झाला.

डिसेंबर १९९२ व जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत सुमारे ९०० माणसे मेली; पन्नास किलोमीटरही दूर नसलेली भिवंडी, जिचे नाव काढताच पोलीस खाते घाबरत असे, ती शांत राहिली. हा योगायोग होता असे म्हणणारेही होते. मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत का राहिली, हाच प्रश्न घेऊन खोपडे यांनी पुढे पुस्तक लिहिले. मुंबईतही नंतर सतीश साहनी पोलीस आयुक्त असताना ज्यूलिओ रिबेरो, सुशोभा बर्वे प्रभृतींच्या प्रयत्नाने मोहल्ला कमिट्या उभ्या राहिल्या, आणि त्यांनी पोलीस व वस्त्या यांच्यातला तुटलेला संवाद पुष्कळ अंशी जोडला. परंतु अशी व्यवस्था ही अधिकाऱ्याच्या आवडीवर चालते. कोणत्याही नियमावलीत तिला जागा नाही, आणि बदलीचा हुकूम आला की समितीच्या इतिवृत्ताची वही कपाटात जाते. भिवंडीतही तो उत्साह ओसरला. २००६ च्या जुलैमध्ये तेथे दंगल पुन्हा उसळली. पोलिसांच्या गोळीबारात दोन रहिवासी ठार झाले, जमावाने दोन पोलीस शिपायांना मारले. कोटर गेट परिसरात, कब्रस्तानालगतच्या जागेवर नवे पोलीस ठाणे बांधण्याचे काम निघाले होते, आणि त्याला रहिवाशांचा विरोध होता.